मोर्चात कोणी जावे?

मोर्चांनी काय साधते, असे विचारणारा माणूस बहुधा खोळंबलेल्या बसमध्ये बसलेला असतो. त्याचा वैताग खोटा नव्हे. पण त्याच्या प्रश्नापोटी आणखी एक प्रश्न दडलेला असतो. ज्याचे हातावर पोट आहे, पोलीस ठाण्यात नाव लागले तर पुढे नोकरीच्या चौकशीत ते आड येईल अशी ज्याला धास्ती आहे, त्या साध्या माणसाने या फंदात पडावे काय? पुढाऱ्यांचे ठीक आहे. त्यांची अटक वर्तमानपत्रांत छापून येते.

नाशिकहून ६ मार्च २०१८ रोजी निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून ११ मार्चला मुंबईत पोहोचले. कसत असलेली वनजमीन आपल्या नावे व्हावी, एवढेच मागणारे आदिवासी त्यांत मोठ्या संख्येने होते; पायांना फोड आलेल्या वृद्ध स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण होऊ नये म्हणून ही थकलेली माणसे विश्रांती सोडून रात्रीच सोमय्या मैदानावरून निघाली आणि उजाडण्यापूर्वी आझाद मैदानात जाऊन बसली. मोर्चा म्हणजे झुंडशाही, असे एरवी मानणाऱ्या शहराने त्यांना पाणी, खाणे आणि चपला दिल्या. भाड्याने आणलेली गर्दी असे वागत नसते. मोर्चाला शहाणपण येते ते अशा माणसांमुळे, आणि ती घरी राहिली की रस्ता आपोआप भाडोत्र्यांच्या स्वाधीन होतो.

१२ मार्चला सरकारने लेखी आश्वासने दिली. ती पुरती पाळली गेली नाहीत, अशी तक्रार घेऊन फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये पायपीट करावी लागली. टीकाकार येथे बोट ठेवतात, व तसे करण्याचा त्यांना अधिकार आहे. मात्र वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालील दाव्यांचे कागद वर्षानुवर्षे कचेऱ्यांत अडकून पडले होते, हेच तर या लोकांचे गाऱ्हाणे होते. अर्जाने जे हलले नाही ते निदान एका दिवसात मंत्र्यांच्या टेबलावर आले.

१९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासमवेत लाटणी घेऊन निघालेल्या मुंबईच्या गृहिणींचे बळही असेच होते. त्यांचे मागणे मोजून घेता येण्याजोगे होते : रॉकेल, तेल, साखर, धान्य. त्याची टंचाई ज्यांनी चुलीपाशी सोसली त्यांनीच जाब विचारला. वकीलपत्र कोणास द्यावे लागले नाही.

तथापि सामान्यांनी डोळे मिटून कोणाही मागे चालावे, असा याचा अर्थ नव्हे. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. तो बजावणाऱ्याचा जीव सांभाळण्याची व्यवस्था मात्र संयोजकांनी आणि सरकारने करावयाची असते. मार्ग कोणता, पाणी कोठे, निवेदन घेणार कोण, गर्दी दाटली तर बाहेर पडावयाचे कोठून, हे प्रश्न निघण्यापूर्वीच पुढाऱ्यांना विचारावयास हवेत. ते विचारणारा भित्रा ठरत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात, हिवाळी अधिवेशनाच्या काळात, अनुसूचित जमातीचा दर्जा मागण्यास आलेला गोवारी समाज ताटकळत उभा होता. लाठीमार झाला, पळापळ झाली आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले; त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. त्यांच्या मागणीच्या बाजूने उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केला. त्यानंतरही दर वर्षी २३ नोव्हेंबरला गोवारी माणसे नागपूरच्या स्मारकापाशी येतात, मुलांना बरोबर घेऊन.