‘ए’च्या शेजारी ‘सी’चा आकडाही लिहा

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

महोदय,

गणेशोत्सवात आपली माणसे ध्वनिमापक घेऊन चौकाचौकांत उभी असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडे येतात, तेही त्यांच्यामुळेच. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. माझी मागणी फक्त डेसिबलपुढे लागणाऱ्या ‘ए’ या अक्षराविषयी आहे.

ध्वनिमापकाचा माइक हवेच्या दाबातले चढउतार टिपतो. पण ‘ए’ श्रेणीत तो आकडा जसाच्या तसा पडद्यावर येत नाही. स्वर जितका खालचा, तितकी वजावट मोठी. १००० हर्ट्झला वजावट शून्य, १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६, तर ५० हर्ट्झला ३०. म्हणजे मिरवणुकीतल्या बेसमधून ६३ हर्ट्झचा १०० डेसिबलचा दणका बसला, तरी त्या दणक्यापुरते यंत्र ७४ दाखवणार. इथे १० डेसिबलचा फरक म्हणजे दहापट ऊर्जा. २६ डेसिबल वजा झाले, म्हणजे ऊर्जेचा सुमारे चारशेवा हिस्साच हिशेबात उरला.

ही वजावट कुणी लबाडीने घातलेली नाही. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी माणसाच्या कानाला कोणता स्वर किती मोठा वाटतो याचे आलेख काढले. हळू आवाजात कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. ‘ए’ श्रेणी बेतली ती अशाच हळू, ४० फोनच्या (फोन हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आलेखावर. शांत खोलीतल्या पंख्याच्या घरघरीला ती ठीक आहे. आवाज वाढत जातो तसा मात्र कानाचा हा भेदभाव बराच कमी होतो आणि बेस पुरेपूर ऐकू येतो. त्यासाठीच ‘सी’ श्रेणी आहे. तिच्यात ६३ हर्ट्झला वजावट एक डेसिबलही नाही.

मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना यातला फरक सांगावा लागत नाही. खिडकी लावली की ‘टॉप’चा, म्हणजे वरच्या स्वरांच्या स्पीकरचा, कर्कशपणा निम्म्याहून कमी होतो, ताशाही दूर जातो. बेस मात्र तसाच घरात येतो. कपाटाच्या काचा थरथरतात, पलंगाच्या कठड्यावर हात ठेवला तर तळव्याला ठोका लागतो, आजारी माणसाच्या छातीत धडधड होते. ६३ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेपाच मीटर. एवढी लांब लहर इमारतीच्या कोपऱ्याला वळसा घालून मागच्या गल्लीत पोचते आणि साध्या भिंतीला दाद देत नाही. अशा घरातून तक्रार गेली आणि यंत्राने फारसे काही दाखवले नाही, तर तक्रारदारच खोटा ठरतो. मला सर्वांत जास्त सलते ते हेच.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ‘ए’ श्रेणीच सांगितली आहे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. हे नियम केंद्राचे आहेत, खटलाही ‘ए’वरच उभा राहणार, हे मान्य. पण ‘सी’ मोजायला कुणाचीही मनाई नाही. चांगल्या ध्वनिमापकात दोन्ही श्रेणी असतातच. त्याच जागी, त्याच वेळी दोन्ही आकडे घ्या. त्यांच्यातले अंतर मोठे असेल, तर आवाजात बेसचा वाटा मोठा आहे हे कुणालाही कळेल. बेस स्पीकरच्या भिंतींवर मर्यादा हवी की नको हा वाद मग अंदाजावर चालणार नाही, आणि नियमदुरुस्तीसाठी केंद्राकडे जायचे झाले तर मंडळाच्या हाती महाराष्ट्राच्या रस्त्यांवरची मोजणी असेल. ढोलपथकांनाही हीच मोजणी लागू करा. ढोलाचा ठोकाही खालचाच असतो, त्याला वेगळा न्याय नको.

आणखी एक विनंती. आकडे जाहीर करताना एक वाक्य जोडा: ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली. गेल्या वर्षीच्या ८८चे यंदा ९१ झाले, तर वाचणाऱ्याला ती किरकोळ वाढ वाटते.

येत्या अनंत चतुर्दशीच्या तक्त्यात ‘सी’चा रकाना असावा, आणि निदान काही ठिकाणी हे मापन रस्त्यावर नव्हे, तर खिडकी लावलेल्या खोलीत व्हावे.

कळावे,
आपला,
मिरवणुकीच्या रस्त्यावरचा एक रहिवासी