सुट्या भागांअभावी जुन्या मोटारींची कोंडी

अमरावती : प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून पाव शतक लोटले. ॲम्बेसेडर मे २०१४ मध्ये बंद झाली. पेट्रोलवर चालणारी महिंद्राची जुनी जीप तर त्याही आधी इतिहासजमा झाली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मात्र या तिन्ही गाड्या अद्याप दृष्टीस पडतात. कुठे जुन्या वाड्याच्या आवारात, कुठे बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, तर कुठे शेतातील गोठ्यालगत त्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी कागदपत्रे शाबूत असतात आणि वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची मुलांची इच्छाही असते. घोडे पेंड खाते ते सुट्या भागापाशी.

वरवर पाहता हा मूठभर हौशी मंडळींचा प्रश्न वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांतील सरकारी निर्णयांमुळे त्याला वेगळे वळण मिळाले आहे. पन्नास वर्षांवरील मोटारींना केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र मान्यता दिली. त्याच काळात जुनी वाहने भंगारात काढण्याचे धोरणही आखले गेले. म्हणजे पन्नाशी गाठलेल्या गाडीचे कौतुक करायचे आणि तिला पन्नाशीपर्यंत पोहोचविणारे सुटे भाग ज्या गाड्यांतून निघतात, त्या मात्र भट्टीकडे पाठवायच्या, असा हा प्रकार आहे.

जिल्ह्याच्या गावी जुना सुटा भाग कसा पोहोचत असे, हे पाहिले तर ही विसंगती ध्यानात येते. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती, तोवर तिची क्लच प्लेट, ब्रेक शू, सायलेन्सर आणि काचेची रबरे बनविणाऱ्या लहान कारखानदारांना गिऱ्हाईक होते. अमरावतीच्या खासगी पद्मिनीला लागणारा मालही त्याच पुरवठ्यातून येई. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली. कोलकात्याच्या पिवळ्या ॲम्बेसेडर टॅक्सीही पंधरा वर्षांच्या अटीमुळे ओसरत चालल्या आहेत. टॅक्सी गेली की तिच्या भागांचा साचा चालू ठेवण्यात कारखानदाराला स्वारस्य उरत नाही. दहा-वीस खासगी गिऱ्हाइकांसाठी कोणी प्रेस चालवीत नाही.

वऱ्हाडाला याहून अधिक जवळचा स्रोत होता तो सरकारी लिलावाचा. जिल्हा परिषद, पाटबंधारे, वन खाते, अकोल्याचे कृषी विद्यापीठ अशा ठिकाणच्या निर्लेखित जीप आणि ॲम्बेसेडर लिलावात निघत. गॅरेजवाले त्या घेत आणि एका गाडीतून तीन गाड्या जगवीत. एकीचा गिअरबॉक्स दुसरीला, तिचाच डिफरन्शियल तिसरीला, असा तो व्यवहार होता. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी लागतात. प्रदूषण आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येईल. मात्र मेळघाटात एके काळी फिरलेल्या जीपचा गिअरबॉक्स आता परतवाड्याच्या गॅरेजपर्यंत येण्याची वाट त्यामुळे बंद झाली, हेही खरे.

उरतो तो महानगरांतील जुना बाजार. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी आणि काश्मिरी गेट, चेन्नईत पुदुपेट, जीपसाठी हरियाणातील मंडी डबवाली ही नावे मेकॅनिकांना तोंडपाठ असतात. परंतु अकोल्याहून दिल्ली गाठून आणलेला भाग बसला नाही, तर परत करण्याची सोय नसते. शिवाय मालाचा उगम हा प्रश्न आहेच. चोरीच्या गाड्या कापल्या जात असल्याच्या आरोपावरून मेरठच्या सोतीगंज बाजारावर पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेथील दुकाने बंद झाली. पावतीविना घेतलेले इंजिन उद्या कोणत्या गाडीचे निघेल, याचा भरवसा नाही.

अशा स्थितीत दुसरा मार्ग भाग नव्याने घडविण्याचा. येथे मात्र वऱ्हाडाची बाजू अनेकांना वाटते तितकी लंगडी नाही. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, कापसाचा व्यापार फोफावला आणि अकोला, अमरावती, खामगाव, धामणगाव येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. विलायती यंत्राचा शाफ्ट हंगामात तुटला, तर जहाजाची वाट पाहणे परवडत नसे. तो गावातच लेथवर कातून घ्यावा लागे. मुर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ रेल्वेचे उदाहरणही बोलके आहे. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ धावले. कोणतेही यंत्र इतकी वर्षे केवळ मूळ भागांवर चालत नाही.

मोटारीच्या इंजिनाचे काम त्या मानाने आटोक्यातील आहे. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, जुन्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे. दोन्ही साधी, चार सिलिंडरची. सिलिंडर झिजला तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविता येतो, फारच झिजला तर स्लीव्ह घालून मूळ मापावर आणता येतो. क्रँक घासून दहा, वीस किंवा तीस मापाचे बेअरिंग बसते. ॲम्बेसेडरच्या मालकांना आणखी एक आधार आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेले तिचे इंजिन ब्रिटनच्या एमजीए या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनाच्याच कुळातील असल्याने त्याचे काही भाग आजही विलायतेत नवे बनतात. मागविल्यास सीमाशुल्क भरावे लागते. वाहनांच्या सर्व सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, एवढाच काय तो दिलासा.

खरी अडचण इंजिनाबाहेर आहे. दारांची रबरे, वाकलेली मागची काच, दिव्याभोवतीची क्रोमची कडी, डॅशबोर्डवरील मीटर, बॉनेटवरील अक्षरे या वस्तू लेथवर होत नाहीत. पन्नाशीच्या दशकातील, लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखलेल्या गाडीचे पुढचे दार उलट्या बाजूने उघडते. त्याच्या बिजागरीसाठी नंतरच्या पद्मिनीचा भाग चालत नाही. एक नमुना हाती असेल तर ओतकाम करून दुसरा बनविता येतो. परंतु कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्रातील कारखाने हजारांच्या संख्येत काम घेणारे, त्यांना एका बिजागरीत रस कसा असणार? परदेशात यावर थ्री-डी प्रिंटिंगचा तोडगा निघू लागला आहे. पोर्शे कंपनीने २०१८ मध्ये आपल्या दुर्मिळ ९५९ मॉडेलचा क्लचचा एक भाग या पद्धतीने बनविण्यास प्रारंभ केला. तेथे मूळ आराखडे राखणारी कंपनी हयात आहे. पद्मिनीच्या मालकाला असे दार ठोठावता येत नाही.

एका बाबतीत मात्र सावधगिरी हवी. कारागिराच्या हिकमतीचे कौतुक करताना ब्रेक आणि स्टिअरिंग यांचा अपवाद करावाच लागेल. व्हील सिलिंडरला पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह अचूक मापात बसविणे ही मान्य पद्धत आहे. दुसऱ्या गाडीचे वॉशर ‘जवळपास बसते’ म्हणून घालणे हा जिवाशी खेळ होय. टाय रॉडचे टोक किंवा किंग पिन कोणत्या पोलादाचे, ते कसे कडक केले, हे ठाऊक नसेल तर चकाकणाऱ्या रंगाला अर्थ नाही. दुर्दैवाने जुन्या गाडीवरील खर्चातील मोठा वाटा रंगावरच जातो.

आता नियमांकडे वळू. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या खासगी दुचाकी व चारचाकीची ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, ही अट आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. अट वाजवी वाटते, पण वऱ्हाडातील जीपला ती जाचक ठरते. पेट्रोल महाग झाले तेव्हा ग्रामीण भागात अनेकांनी जीपचे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसविले. त्या काळी तो शहाणपणा होता. आज तीच गाडी ‘मूळ स्वरूपात’ बसत नाही आणि तेव्हा भंगारात विकलेले इंजिन मालक शोधत फिरतात. नोंदणी पुस्तिकेतील इंजिन क्रमांक जुळण्याची शक्यता तर जवळपास नाहीच.

पन्नाशीच्या अलीकडची स्थिती याहून बिकट आहे. फियाटला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळाले, म्हणजे त्यातील पहिल्या गाड्या आता कुठे पात्र ठरू लागल्या. १९९० च्या गाडीला २०४० ची वाट पाहावी लागेल. तोवर ती कायद्याच्या लेखी केवळ जुने वाहन. दर पाच वर्षांनी योग्यता तपासणी व नोंदणीचे नूतनीकरण आलेच. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून पाच हजार झाले, तर वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजार करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, फिवाच्या, व्याख्येत ऐतिहासिक वाहनासाठी तीस वर्षे पुरतात. जर्मनीतही तिसाव्या वर्षी खास क्रमांकपट्टी मिळते. भारतात ही मर्यादा पन्नासवर ठेवताना मधल्या वीस वर्षांचा विचार झालेला दिसत नाही. जपलेल्या गाड्यांसाठी, वर्षाकाठी मर्यादित किलोमीटरच्या अटीवर, तीस वर्षांचा टप्पा निश्चित करता येईल. भंगार केंद्रांनीही बंद झालेल्या मॉडेलचे ब्रेकखेरीज इतर भाग नोंद ठेवून, पावतीसह विकले, तर चोरीच्या मालाचा बाजारही आपोआप आकसेल. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, आहे त्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा लागेल.

दरम्यान, इंधनाने नवी भर घातली आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटचा प्रश्न निर्माण झाला होता. कडक धातूच्या सीट बसवून तो सुटला. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आहे. जुन्या काळचे रबर आणि कॉर्क यांना इथेनॉल मानवत नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फुगतो, नळ्या मऊ पडून पाझरतात, कार्बोरेटरचे गॅस्केट विरघळू लागते. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल पाझरणे म्हणजे आगीला निमंत्रण. त्यामुळे अमरावती-अकोल्यातील जुन्या गाड्यांच्या मालकांना सर्वांत आधी शोधावा लागणारा भाग ना क्रोमचा आहे, ना इंजिनाचा. तो आहे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा तळहातापेक्षा लहान डायफ्रॅम आणि हातभर नळी.