गाणं कुणाच्या खात्यावर जमा?

‘हे गाणं कुणाचं हो?’ असं कुठल्याही मराठी दिवाणखान्यात विचारून पाहा. पाच माणसं बसलेली असतील तर पाचही जण गायकाचं नाव सांगतील. एखादे जाणकार आजोबा असले, तर ते संगीतकारापर्यंत जातात. कवीपर्यंत पोहोचेतो चहा येतो आणि विषय बदलतो.

मी बँकेत कारकून. रक्कम भलत्याच खात्यावर जमा झाली की माझ्या पोटात दुखतं. त्यातून परवा आमच्या सोसायटीच्या चिटणिसांनी मला जिन्यात गाठलं. हातात वर्तमानपत्र. म्हणाले, “वाचलंत का? हे गीतकार लोक रॉयल्टी मागतात म्हणे! अहो, गाणं म्हणजे देवाघरचं देणं. दहा मिनिटांत सुचतं. त्याचे जन्मभर पैसे कसले?”

हे गृहस्थ तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या ब्लॉकचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता घेतात. फक्त त्याला ते रॉयल्टी म्हणत नाहीत, एवढंच.

माझ्या एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबीर. हातवारे केल्याशिवाय मला वाद घालता येत नाही. म्हणून जिन्यात राहून गेलं ते इथं लिहितो.

साल १९५८. गाव इंग्लंडमधलं लिव्हरपूल. पाच पोरं आपली वाद्यं घेऊन पर्सी फिलिप्स नावाच्या गृहस्थांच्या घरी गेली. फिलिप्सनी राहत्या घरातच ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. पैसे भरा, गा आणि तबकडी घेऊन घरी जा, असा रोखीचा मामला. बहुतेक जण खर्चाचा आकडा साडेसतरा शिलिंग सांगतात. पाचांत वाटला तर माणशी साडेतीन शिलिंग. (ही सवय जात नाही, माफ करा.) आधी टेपवर घेतलं तर पैसे जास्त. म्हणून पोरांनी थेट तबकडीवरच गायचं ठरवलं. म्हणजे चुकलं तर चुकलं, खोडरबर नाही.

एका बाजूला त्यांनी बडी हॉलीचं गाजलेलं गाणं घेतलं. दुसऱ्या बाजूला घरचं, ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’. ते रचलं सोळा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीनं. गायला मुख्यतः जॉन लेनन, वय सतरा. मधला गिटारचा तुकडा वाजवला पंधरा वर्षांच्या जॉर्ज हॅरिसननं. पियानोवर जॉन लो, ड्रमवर कॉलिन हॅन्टन. आणि तबकडीच्या लेबलवर हातानं नावं लिहिली ती मॅकार्टनी आणि हॅरिसन अशी!

आता सांगा चिटणीससाहेब, गाणं कुणाचं?

पुढं जगभर नाव झाल्यावर मॅकार्टनीनं मुलाखतीत या गाण्याची आठवण सांगितली आहे. गाणं बहुधा माझंच होतं, चाल एल्व्हिसच्या एका गाण्यावरून सुचली होती, जॉर्जनं मधला तुकडा वाजवला म्हणून त्याचं नाव घातलं. कॉपीराइट वगैरे तेव्हा कुणाला कळत होतं? आम्हांला वाटायचं, गाणी सगळ्यांचीच असतात! असा त्या आठवणीचा सारांश.

तबकडी एकच, मालक पाच. तेव्हा प्रत्येकानं एकेक आठवडा ठेवायची असं ठरलं. फिरत फिरत ती लोकडे आली आणि तिथं तेवीस वर्षं राहिली. आमच्या बँकेत इतकी जुनी मुदत ठेव सापडली तर साहेब तिला हार घालतील. शेवटी १९८१ साली मॅकार्टनीनं ती त्याच्याकडून पैसे मोजून विकत घेतली. म्हणजे स्वतःचं पहिलं ध्वनिमुद्रित गाणं त्याला स्वतःच खरेदी करावं लागलं.

इथं चिटणीस म्हणतील, “बघा! पोरानं अर्धं श्रेय हसत देऊन टाकलं. याला म्हणतात कलावंत!” बरोबर आहे. पण दिलं त्यानं, स्वतः होऊन, मित्राला. गाणी सगळ्यांची असतात हे वाक्य गाणं लिहिणाऱ्याच्या तोंडी शोभतं. तेच गाणं विकणाऱ्याच्या तोंडी आलं, की आपला खिसा चाचपावा.

कारण पुढं काय झालं? १९६३ साली लेनन-मॅकार्टनीच्या गाण्यांसाठी ‘नॉर्दर्न साँग्ज’ नावाची कंपनी निघाली. पोरांनी सह्या केल्या. कशावर केल्या ते नंतर समजलं. १९६९ साली त्या कंपनीतला मोठा हिस्सा एटीव्हीला विकला गेला, लिहिणाऱ्या दोघांना न विचारता. १९८५ साली ते सगळं भांडार मायकल जॅक्सननं पावणेपाच कोटी डॉलरला घेतलं. ज्यानं गाणी लिहिली तो बाहेर उभा. दान आणि अफरातफर यांत फरक असतो तो समजून केलेल्या सहीचा. बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.

आपल्याकडेही निराळं नव्हतं. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की चित्रपटासाठी पैसे देऊन लिहवून घेतलेल्या गाण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचा. पुढची पस्तीस वर्षं तीच रीत. २०१२ साली कायदा बदलला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा आता कुणाला लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तळमळून बोलले होते. म्हणजे वर्तमानपत्रातले ते ‘रॉयल्टीवाले’ भीक मागत नाहीत; स्वतःच्या खात्यातले पैसे काढताहेत.

आणि ते ‘दहा मिनिटांत सुचतं’! मान्य, सुचत असेल. मीसुद्धा चेक दहा सेकंदांत पास करतो. पण त्या दहा सेकंदांमागं वीस वर्षं नजर घासलेली असते. त्या पोरानं बाकी कितीतरी गाणी ऐकून, गिटारीवर बोटं सोलून मग हे एक जोडलं. तेही कच्चं. तरी २०१६च्या दौऱ्यात, सत्तरी ओलांडल्यावर, हजारो लोकांसमोर तो ते पुन्हा गात होता. कच्चं असलं तरी आपलं मूल आपलंच की.

चिटणिसांकडे माझी एकच मागणी आहे. येत्या गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवाल, तेव्हा निवेदकाला सांगून प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव घ्यायला लावा. खर्च शून्य. ते म्हणणार, “वेळ जातो हो!”

गेल्या वर्षी देणगीदारांची नावं वाचायला बावीस मिनिटं लागली होती. मी घड्याळ लावून बसलो होतो.