वठलेल्या झाडाचा कैवार

'बडा घर, पोकळ वासा' ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, तो घरें बांधणारा असावा. रानांत हिंडणारा खास नसावा. माणसाच्या घराचा वासा पोकळ झाला कीं घर धोक्यांत आलें. परंतु रानांतील कित्येक प्राण्यांचा संसार वासा पोकळ झाल्यावांचून उभाच राहत नाहीं. तरीही पोकळ, वठलेलें, किडकें हीं विशेषणें आम्ही झाडांना निंदेच्याच अर्थानें लावतों. आणि निंदा एकदां ठरली कीं शिक्षाही ठरलेलीच असते. झाड वठलें, तोडा. ढोली पडली, तोडा. हा जो सरसकट न्याय सरकारी कचेऱ्यांत, नगरपालिकांत आणि सुशिक्षितांच्या बैठकींत चालला आहे, तो नुसता अन्याय नव्हे, अडाणीपणा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ढोली म्हणजे झाडाचा रोग, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति अशी कीं, जुन्या वृक्षाचा मधला गाभा जिवंत नसतोच; रस वाहून नेणारा भाग सालीच्या लगत असतो. वादळांत एखादी फांदी मोडते, त्या जखमेंतून बुरशी आंत शिरते आणि वर्षानुवर्षें गाभा पोखरीत राहते. बाहेरून वृक्ष पालवतो, फुलतो, फळतो. आंतून त्याचें घर होत असतें. मऊ पडलेल्या लांकडांत सुतारपक्षी आणि तांबट चोंच चालवितात, आणि त्यांनीं सोडलेल्या जागेंत दुसरे बिऱ्हाडकरू येतात. वृक्ष मेल्यावरही हा व्यवहार थांबत नाहीं. साल सुटूं लागते, आणि साल व खोड यांमधील फटींत लहान जातींचीं वटवाघुळें दिवस काढतात. लांकडाच्या जाड भिंतीमुळें उन्हाची काहिली आणि रात्रीचा गारठा दोन्ही आंत बेतानेंच पोंचतात. सुतारपक्ष्यासारखें घट्ट लांकूड कोरून घर करण्याची कला सस्तन प्राण्यांना सहसा साधत नाहीं. त्यांना घर आयतें मिळालें तरच मिळालें.

हे बिऱ्हाडकरू कोण, तेंही पाहावें. उडणारी खार दिवसभर ढोलींत झोपते आणि तिन्हीसांजेनंतर बाहेर पडते. दक्षिणेकडील सह्याद्रींत आढळणारा मलबारी काटेरी उंदीर झाडाच्या ढोलींत घर करतो. पश्चिम घाटाबाहेर कोठेंही न आढळणारें तपकिरी उदमांजर घ्या. तमिळनाडूंतील कळक्काड-मुंडन्तुराईच्या अरण्यांत त्याचा अभ्यास झाला, तेव्हां तें दिवसा ढोल्यांत, वेलींच्या जाळ्यांत आणि शेकरूच्या घरट्यांतही विसांवा घेतें असें दिसून आलें. हेंच उदमांजर रात्रीं फळें खातें आणि त्यांचें बीं रानभर पेरतें. म्हणजे म्हातारा वृक्ष उदमांजराला आसरा देतो, आणि उदमांजर नव्या वृक्षाला जन्म देतें. ज्याला रोपें हवींत पण ढोली नको, तो पेरणाऱ्यालाच घराबाहेर काढून शेत पिकवूं पाहतो.

यावर कोणी म्हणेल, महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू काटक्या-पानांचें घरटें स्वतः बांधतो; त्याच्यासाठीं १९८५ सालीं भीमाशंकरचें अभयारण्यही झालें; मग जुन्या झाडांचा एवढा बडिवार कशाला? परंतु शेकरू घरटें कोठें बांधतो? उंच वृक्षाच्या माथ्याशीं, जेथें एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या फांदीला भिडलेली असते अशा ठिकाणीं. आणि तेंही एक नव्हे, अनेक. घर स्वतः बांधणाऱ्यालाही जागा जुन्या रानानेंच द्यावी लागते.

जुनें रान एकदां गेलें कीं काय होतें, याचा धडा ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें साऱ्या जगासमोर गिरविला आहे. तेथें माउंटन अॅश नांवाचे, निलगिरीच्या कुळांतले प्रचंड वृक्ष आहेत. त्यांच्या ढोल्यांत लेडबीटरचा पॉसम हा ओंजळींत मावेल एवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी कुटुंबानें राहतो. १८६७ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन झालें. १९०९ नंतर सुमारें पन्नास वर्षें त्याचा ठावठिकाणा लागला नाहीं, आणि तो नामशेष झाला असें लोक समजून चालले. १९६१ मध्यें मेरीजव्हिल गांवाजवळ तो पुन्हां सांपडला आणि १९७१ मध्यें राज्यानें त्याला आपलें मानचिन्ह केलें. तो तगला कशामुळें? १९३९ च्या भयंकर वणव्यांत जळून वठलेले, पण उभे राहिलेले जुने वृक्ष त्याला घर देत होते, आणि भोंवतालीं उगवलेलें कोवळें रान त्याला अन्न देत होतें. पुढें ते वठलेले वृक्ष एकेक करून कोसळूं लागले, लांकूडतोड चालूच राहिली, आणि २००९ च्या वणव्यानें उरलेल्या रानाचाही मोठा भाग नेला. लांकडी खोकीं टांगून पाहिलीं. पण खोकें कांहीं वर्षांत कुजतें, वृक्ष शतकें टिकतो. अखेर १ जानेवारी २०२४ पासून तेथील सरकारी नैसर्गिक जंगलांतली व्यापारी लांकूडतोड बंद झाली. शहाणपण आलें खरें. पण माउंटन अॅशच्या खोडांत कामाची ढोली पडावयास सुमारें सव्वाशें वर्षें, किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. १९३९ नंतर उगवलेल्या रानाला ही मुदत लावून पाहा. बेरीज २०६४ च्या पुढें जाते, आणि ती कोणत्याही सरकारला बदलतां येत नाहीं.

आमच्याकडील हिशेब निराळ्याच पद्धतीनें चालतात. २०१६ ते २०१९ या काळांत महाराष्ट्र शासनानें वृक्षलागवडीचे मोठे संकल्प सोडले. एकट्या २०१९ चा आंकडा ३३ कोटी रोपांचा होता. रोपें लावणें वाईट असें कोण म्हणेल? पण रोप हा वृक्षाचा मोबदला आहे, अशी जी समजूत त्या आंकड्यांबरोबर पसरते, ती घातक आहे. शहरांतील झाडांच्या कायद्यांत २०२१ मध्यें दुरुस्ती होऊन पन्नास वर्षें वयाच्या व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलें गेलें, हें स्तुत्यच. परंतु असें झाड तोडलें तर त्याच्या वयाइतकीं रोपें लावावीं, हा भरपाईचा नियमही तेथेंच आहे. ऐंशी वर्षांच्या वृक्षाबद्दल ऐंशी रोपें! ऐंशी तान्हीं मुलें एका घरांत जमविलीं म्हणून त्यांचा मिळून एक ऐंशी वर्षांचा आजोबा होत नाहीं. रान धरणाखालीं किंवा खाणीखालीं गेलें तर दुसरीकडे पर्यायी वनीकरण करावें, हाही याच गणिताचा पाठ. त्या साऱ्या रोपांत मिळून एकही ढोली नसते.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. पहिला किडीचा. वठलेलें झाड किडीचें माहेरघर असेल. पण त्याच झाडाच्या आश्रयानें रात्रीं कीटक टिपणारीं वटवाघुळें राहतात, आणि दिवसा सुतारपक्षी तेथेंच अळ्या उकरून खातो. चोराच्या भयानें चौकी जाळण्याचाच हा प्रकार! दुसरा धोक्याचा. रस्त्यावर किंवा शाळेच्या आवारांत वाळलेलें झाड कोसळलें तर माणसें दगावतात. येथें आमचा वाद नाहीं. पण तेथेंही पुष्कळदां वरचा भार उतरवून बुंधा उभा ठेवतां येतो. आणि रानाच्या गाभ्यांत, जेथें माणूस फिरकत नाहीं, तेथें तें झाड कोणाच्या डोक्यावर पडणार आहे? तिसरा आक्षेप सरपणाचा, आणि तोच सर्वांत वजनदार. डोंगरांतली बाई मोळी आणते तेव्हां तिची चूल पेटते; वटवाघुळांसाठीं ती विझवावी काय? मुळींच नाहीं. ती मोळींत बांधते त्या काटक्या आणि लहान फांद्या. कवेंत न मावणारा बुंधा तिच्या डोक्यावर येत नाहीं. तो करवतीनें कापला जातो आणि मालमोटारींतून जातो. मोळीच्या आड लपून ओंडक्याचें समर्थन करणें हा सोयीचा कळवळा आहे.

आमच्या पूर्वजांना हें सारें ठाऊक होतें, असें म्हणून छाती फुगविण्याचा आमचा हेतु नाहीं. देवराईंतील वाळकी काटकीसुद्धां घरीं न्यावयाची नाहीं, हा सह्याद्रींतील अनेक गांवांचा दंडक देवाच्या भयानें पाळला गेला, उदमांजराच्या प्रेमानें नव्हे. परंतु परिणाम पाहावा. डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनीं १९७० च्या दशकांत ज्या देवरायांचें महत्त्व अभ्यासकांपुढें मांडलें, त्यांत जेथें हा दंडक टिकला, तेथें वृक्ष आपल्या मरणानें मरतो, आपल्या वेळेनें कोसळतो, आणि मधल्या काळांत दुसऱ्यांचे संसार सांभाळतो. आज तें भय ओसरलें आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठीं राईंतलेच वृक्ष पाडल्याचीं उदाहरणें आहेत. भयाची जागा ज्ञानानें घ्यावयास हवी होती. ती लोभानें घेतली.

आमचें मागणें फार नाहीं. वनखात्यानें प्रत्येक तोडीच्या वेळीं कांहीं वठलेले आणि ढोलीचे वृक्ष खूण करून राखावेत. भरपाईच्या हिशेबांत रोपांच्या संख्येपेक्षां गेलेल्या वृक्षाच्या ढोल्यांचा विचार आधीं व्हावा. आणि सुशिक्षित गृहस्थांनीं वाळलेलें झाड दिसतांच तक्रारअर्ज लिहिण्यापूर्वीं एक दिवस तिन्हीसांजेला त्याच्या खोडाकडे पाहत जरा दूर उभें राहावें. आंतून कोण बाहेर पडतें तें पाहिल्यावरही अर्ज लिहावासा वाटला, तर त्यांनीं तो अवश्य लिहावा.