गाडी दारात, कागद शोरूममध्ये: नव्या दुचाकीच्या आरसीचे घोडे अडते कुठे?

दसऱ्याच्या दिवशी बीड, गेवराई, माजलगाव, परळीतल्या शोरूमपुढे सकाळपासून गर्दी असते. हार घातलेली गाडी, नारळ, पेढे आणि किल्ली हातात घेताना एक फोटो. मग गाडी गावाकडे निघते. नंबर प्लेटच्या जागी मात्र शोरूमचे नाव छापलेला पत्रा असतो. 'आठ दिवसांत नंबर पडेल, महिनाभरात आरसी घरी येईल,' हे शोरूममधले वाक्य जिल्ह्यात बहुतेकांना पाठ आहे. आठ दिवसांचे दोन महिने झाले की वाक्य बदलते: 'साहेब रजेवर आहेत', 'सर्व्हर बंद आहे', 'गाडी पासिंगला लावली आहे.'

खरेदीदार हे सगळे निमूट ऐकून घेतो, कारण आरटीओचे काम म्हणजे उशीर होणारच, असे त्याला वाटते. इथेच गफलत होते. नव्या दुचाकीच्या नोंदणीची जबाबदारी कायद्याने डीलरवर टाकली आहे आणि नंबराशिवाय किल्ली देणेच नियमाविरुद्ध आहे. तरीही उशीर झाला तर चलन, विम्याचा नकार आणि हेलपाटे हे सगळे खरेदीदाराच्या वाट्याला येते.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ४२ अगदी छोटा आहे. ट्रेड सर्टिफिकेट असलेल्या कोणत्याही डीलरने तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय खरेदीदाराला गाडी ताब्यात द्यायची नाही. त्यात मुहूर्ताला सूट नाही, ओळखीच्या गिऱ्हाइकालाही नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ४१ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. डीलर आणि नोंदणी एकाच राज्यातली असेल तर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा. त्याच दुरुस्तीने कलम ४० ही सैल केले. पूर्वी राहत्या पत्त्याच्या आरटीओतच नोंदणी करावी लागे. आता राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात अर्ज चालतो. आष्टीचा माणूस अहिल्यानगरला गाडी घेतो, अंबाजोगाईकडचा लातूरला जातो. 'तुमचा जिल्हा वेगळा, म्हणून वेळ लागतोय' हे कारण त्यांनी ऐकून घेऊ नये. नंबर एमएच २३ चा हवा की एमएच ४४ चा, हा हौसेचा भाग झाला. त्यासाठी कागद अडकवून ठेवायची गरज नाही.

'गाडी पासिंगला लावली आहे' हे कारण तर आता जुने झाले. राज्यात २०२१ पासून कंपनीतून पूर्ण तयार होऊन आलेल्या दुचाकीची नोंदणी डीलरच्याच पातळीवर, डिजिटल सहीने होते. कागद 'वाहन' या सरकारी प्रणालीवर चढवायचे, कर ऑनलाइन भरायचा आणि नंबर मिळवायचा. गाडी आरटीओच्या आवारात नेऊन उभी करावी लागत नाही. म्हणून अशी गाडी 'पासिंगला लावली' म्हणजे नेमके काय केले, हे विचारायला हरकत नाही. बहुतेक वेळा उत्तर एवढेच असते की अर्जच भरलेला नाही, किंवा गिऱ्हाइकाने दिलेले कराचे पैसे अजून भरलेले नाहीत.

सणाच्या गर्दीत शेकडो गाड्या एकदम जातात, कागद चढवायला शोरूममध्ये माणसे दोन, हे खरे आहे. पण तेवढ्यासाठी गाडी दोन दिवस उशिरा द्यावी. पूजा शोरूममध्येही करता येते.

कराचे पैसे नेमके किती?

कोटेशनमध्ये 'आरटीओ खर्च' म्हणून एकच आकडा लिहिलेला असेल तर तो फोडून मागावा. राज्यात दुचाकीला एकदाच भरायचा कर असतो. ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्याहून मोठ्या गाडीला १२ टक्के. करपात्र किंमत ९० हजार असलेल्या सव्वाशे सीसीच्या गाडीला ९,९०० रुपये कर बसतो. नोंदणी शुल्क ३००, स्मार्ट कार्डचे २०० आणि कर्जावर गाडी असेल तर बोजा चढवण्याचे ५००. टपाल आणि इतर किरकोळ आकार धरूनही बेरीज ११ हजारांच्या आसपास राहते. कोटेशनवर १४ हजार दिसत असतील तर वरचे पैसे कशाचे, हे लेखी विचारावे. कर भरल्याची सरकारी पावती वेगळी निघते. शोरूमच्या लेटरहेडवरची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा नव्हे.

विम्याचेही तसेच. नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती मात्र नाही. नंबर प्लेटचे पैसे वेगळे मागितले तर ते देऊ नयेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट बसवूनच द्यायची असते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. गेल्या काही काळात जुन्या दुचाकींना ४५० रुपये अधिक जीएसटी भरून जी प्लेट बसवून घ्यावी लागली, ती याहून वेगळी बाब आहे.

नंबर नसताना अपघात झाला किंवा गाडी चोरीला गेली तर?

या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडणारी बाब हीच आहे आणि शोरूममध्ये ती कोणी सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर २०१४ मध्ये एक प्रकरण आले. गाडी नवी होती, विमा चालू होता. तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ ला संपली होती आणि कायम नोंदणी केलेली नव्हती. २ फेब्रुवारीला अपघात झाला. विमा कंपनीने भरपाई नाकारली आणि न्यायालयाने कंपनीचे म्हणणे उचलून धरले. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा कायद्याचा तर भंग आहेच, पण विमा कराराच्या अटींचाही मूलभूत भंग आहे, असे न्यायालय म्हणाले. सप्टेंबर २०२१ मध्ये तोच निकष चोरीच्या प्रकरणाला लागला. तात्पुरती नोंदणी संपून जेमतेम नऊ दिवस झाले होते, राजस्थानात गाडी चोरीला गेली आणि मालकाला भरपाई मिळाली नाही.

दोन्ही गाड्या चारचाकी होत्या, पण नोंदणीचे कलम दुचाकीलाही तेच आहे. विम्याची पॉलिसी डिक्कीत आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने हे निकाल लक्षात ठेवावेत. दंडाचे म्हणाल तर विनानोंदणी गाडी चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या वेळी २ ते ५ हजार रुपये. ते चलन गाडी चालवणाऱ्याच्या हातात पडते, किल्ली देणाऱ्या डीलरच्या नाही.

बीड जिल्ह्यात या धोक्याला आणखी एक पदर आहे. ऊसतोडीला जाणारी हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून अनेक जण निघण्याआधीच दुचाकी घेतात, कारण फडावरून बाजाराला, दवाखान्याला जायला तिच्याशिवाय सोय नसते. गाडी नंबराशिवायच कोल्हापूर, सांगली ओलांडून थेट बेळगावकडे पोहोचते. तिथे पोलिसांनी अडवले तर शोरूमच्या माणसाला फोन लावून फार काही निष्पन्न होत नाही. आरसीचे कार्ड पुढे स्पीड पोस्टाने गावच्या पत्त्यावर येते. घराला कुलूप असते. पोस्टमन दोनदा येऊन जातो आणि कार्ड परत आरटीओत जाते. ज्याची आरसी 'आलीच नाही' असे वाटते, त्यातल्या काहींची प्रत्यक्षात येऊन परत गेलेली असते. अशा वेळी ओळखपत्र घेऊन आरटीओत चौकशी करावी. डुप्लिकेट आरसीचा अर्ज त्यानंतर.

नावातला एक काना

उशिराखालोखाल तक्रार असते ती चुकीच्या नोंदीची. आधारवर एक नाव, आरसीवर दुसरे. आडनाव आधी की नाव आधी, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, वडिलांचे नाव गाळलेले. चूक किरकोळ वाटते, पण आधारशी नाव जुळले नाही तर डिजीलॉकरवर आरसी उतरत नाही. डिजीलॉकर आणि एमपरिवहनवरची आरसी तपासणीत चालते, कार्ड हातात येईपर्यंत तीच कामी येते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही.

मोबाइल नंबरचा घोळ त्याहून वाईट. घाई असली की शोरूममधला ऑपरेटर गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःचा किंवा शोरूमचा नंबर टाकतो, कारण ओटीपी त्याला लगेच हवा असतो. काम उरकते. पुढे मालकाला चलनाचा मेसेज येत नाही. कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायला किंवा गाडी विकायला गेले की ओटीपी भलत्याच मोबाइलवर जातो. वेळ वाचतो ऑपरेटरचा, त्याची किंमत मालक चार वर्षांनी मोजतो.

अर्ज मंजूर होण्याआधी अशी चूक शोरूममध्येच दुरुस्त होते, मंजुरीनंतर आरटीओत अर्ज करावा लागतो. म्हणून सही करण्याआधी संगणकाच्या पडद्यावर नाव, पत्ता, मोबाइल आणि चॅसीस नंबर स्वतः वाचावा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलाला सोबत न्यावे. चॅसीस नंबर गाडीवर कोरलेला असतो, तो बिलाशी जुळवून पाहायला पाच मिनिटे लागत नाहीत.

तालुक्याच्या गावात सबडीलरकडून गाडी घेतली असेल तर गुंता वाढतो. बोर्ड कंपनीचा असतो, पण 'वाहन'वर अर्ज भरण्याचे लॉगिन मुख्य डीलरचे असते. पैसे एकाने घेतलेले, कागद दुसऱ्याने करायचे. दोघांचा हिशेब मिटेपर्यंत गिऱ्हाईक मध्ये लटकते. बिल कोणाच्या नावाचे आहे, हे पैसे देण्याआधी पाहावे. बिलावर मुख्य डीलरचे नाव नसेल तर रोख रक्कम मोजू नये.

बिल हातात, तरी गाडी बेकायदा

बिल म्हणजे नोंदणी नव्हे, हे २०२० मध्ये देशभरातल्या खरेदीदारांना कळले. बीएस-४ गाड्यांची विक्री आणि नोंदणी १ एप्रिल २०२० पासून बंद होणार, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितले होते. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. डीलरांकडे साठा पडून होता. न्यायालयाने आधी काही गाड्या विकायची सवलत दिली, मग जुलैमध्ये ती मागे घेतली. १३ ऑगस्ट २०२० ला दिल्ली परिसर वगळता मुभा मिळाली, पण ३१ मार्चपूर्वी विकलेल्या आणि 'वाहन' प्रणालीवर नोंद झालेल्या किंवा तात्पुरती नोंदणी मिळालेल्या गाड्यांनाच. डीलरने नोंद केली की नाही, यावर गाडीचे भवितव्य ठरले. ज्याने पूर्ण पैसे मोजले होते, त्याचा या नोंदीवर काहीच ताबा नव्हता.

मग करायचे काय?

किल्ली घेताना अर्ज क्रमांक मागावा. नोंदणीचा अर्ज खरोखर भरला असेल तर हा क्रमांक असतोच आणि परिवहनच्या संकेतस्थळावर तो टाकून अर्ज कुठे आहे हे कोणालाही पाहता येते. क्रमांक द्यायला शोरूम टाळाटाळ करत असेल तर अर्ज भरलेला नाही असे समजावे.

गाडी आधीच घरी आली असेल तर तोंडी विचारणा थांबवून लेखी पत्र द्यावे. बिलाची तारीख, चॅसीस नंबर, कर म्हणून दिलेली रक्कम आणि किल्ली मिळाल्याची तारीख एवढे त्यात पुरते. पोच घ्यावी. त्याची प्रत बीड किंवा अंबाजोगाईच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला द्यावी आणि नियम ४२ चा उल्लेख करावा. तो केल्याने फरक पडतो, कारण हा नियम मोडणाऱ्या डीलरचे ट्रेड सर्टिफिकेट निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार नियम ४४ ने आरटीओला दिला आहे. शिवाय कलम १९२ ब नुसार अर्ज न करणाऱ्या डीलरला गाडीच्या पूर्ण एकरकमी कराइतका दंड होऊ शकतो. वरच्या उदाहरणात तो ९,९०० रुपये होतो. शंभर गाड्या रखडल्या तर दहा लाखांच्या घरात.

हे अधिकार किती वेळा वापरले, हे आरटीओने दर महिन्याला जाहीर करायला हवे. रस्त्यावर उभे राहून विनानंबर गाड्यांची चलने फाडण्याची मोहीम दरवर्षी निघते. त्यातल्या प्रत्येक नव्या गाडीवर शोरूमचे नाव छापलेला पत्रा असतो. म्हणजे नियम कोणी मोडला, त्याचे नाव पत्त्यासह पोलिसांसमोरच असते. चलन मात्र गाडीवर बसलेल्याचे फाटते. ही पद्धत उलटी आहे. त्या पत्र्याचा फोटो काढून शोरूमला नोटीस धाडली तर पुढच्या दसऱ्याला चित्र वेगळे दिसेल.

डीलर आणि आरटीओ दोघांकडूनही हालचाल झाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. कंपनीच्या ग्राहक विभागालाही ईमेल करावा, डीलर आरटीओपेक्षा कंपनीला लवकर दबतो. शेवटचा मार्ग बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, दुचाकी त्यातच बसते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार खरेदीदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. त्यामुळे गाडी अहिल्यानगर किंवा लातूरहून घेतली असली तरी तिकडे तारखांना जावे लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करावी लागते आणि ती ऑनलाइनही करता येते. सोबत पत्राची पोच, बिल आणि पैसे दिल्याची पावती जोडावी. रोखीने दिलेल्या पैशांची पावती घेतलेली नसेल तर ती मिळवण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.