बार उंच, नंबर खाली!

'स्वच्छ सर्वेक्षणा'त नवी मुंबईचा नंबर २०१८ मध्ये नववा, २०१९ मध्ये सातवा, २०२० मध्ये तिसरा. मी उत्साहात त्याचा बार चार्ट केला आणि घरी दाखवला. आई म्हणाली, ''अगं, आपलं शहर घसरलं की काय?'' चूक तिची नव्हतीच. नवव्या नंबरचा बार सगळ्यात उंच, तिसऱ्याचा बुटका!

बार सांगतो 'किती'. लोकसंख्या, कचरा, पाणी यांना तो शोभतो. तोही शून्यापासून सुरू केला तरच. नंबर सांगतो 'कितवा'. तिथे एक नंबर सगळ्यात वर ठेवून साधी रेष ओढली, की चढण लगेच दिसते. पाय चार्ट फक्त एका अख्ख्या गोष्टीचे वाटे दाखवायला.

एक्सेलमध्ये चार्ट एका क्लिकवर मिळतो, म्हणून आपण दिसायला भारी तोच उचलतो. पण व्हॉट्सअॅपवर आकडे वाचतंय कोण? लोक आकार बघतात आणि फॉरवर्ड करतात. आकडे खरे असूनही चित्र खोटं बोलू शकतं. म्हणून फॉरवर्ड करण्याआधी, आणि आमच्यासारख्यांनी छापण्याआधी, चार्ट एकदा आईला दाखवावा. आकडे झाकून!