पोरांना ऑर्केस्ट्रा दाखवा, वादकांसकट

यंदा गणपतीत तुमच्या सोसायटीत गाण्यांचा कार्यक्रम होईलच. तेव्हा स्टेजकडे एकदा नीट बघा. कोट घातलेले चार गायक, मागे एलईडीचा पडदा, कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप. ढोलक वाजतोय, बासरी वाजतेय, पन्नास व्हायोलिनं वाजताहेत; वाजवणारा मात्र एकही नाही. फलकावर तरीही ‘लाइव्ह ऑर्केस्ट्रा’ लिहिलेलं असतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

कराओकेवर राग नाही. निवृत्तीनंतर चार मित्र हॉल भाड्याने घेऊन हौसेने गात असतील, तर आनंदच आहे. पण तिकीट लावून, जाहिरात करून गाण्यांची मैफल विकायची आणि वादकच गाळायचे, ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. सगळ्यात जास्त फसतात ती लहान मुलं. त्यांनी खरा ऑर्केस्ट्रा पाहिलेलाच नसतो, मग काय गेलं ते त्यांना कळणार कसं?

काय जातं, ते सांगतो. गायक अंतऱ्यावर यायला चुकतो. असं भल्याभल्यांचं होतं. ट्रॅक असेल तर तो पुढे निघून जातो आणि गायक बिचारा मागून धावतो. वादक असतील तर तबलजी मान वर करून बघतो, ठेका आणखी एक आवर्तन तसाच धरतो, कीबोर्डवाला सूर देत राहतो, गिटारवाला हसून मान हलवतो. आणि गायक अलगद समेवर येतो. प्रेक्षकांतल्या निम्म्यांना पत्ताही लागत नाही. पण पुढच्या रांगेतल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला तो नजरेचा खेळ बरोबर दिसतो. सात-आठ माणसं एकमेकांकडे बघून एक काम कसं करतात, हे त्याला शाळेतल्या गटप्रकल्पापेक्षा इथे लवकर कळेल.

तालवाद्यांचा कोपरा तर मुलांसाठी खजिनाच. घुंगरू, करताल, खुळखुळे, बोंगो, रेसो-रेसो. साइड ऱ्हिदमवाल्याचं टेबल म्हणजे जत्रेतलं दुकान. ‘यादों की बारात’मधल्या एका गाण्याच्या सुरुवातीची किणकिण काचेच्या ग्लासावर चमचा वाजवून काढली होती आणि ‘शोले’त आर. डी. बर्मननी स्वतः गायलेल्या गाण्यासाठी वादकांनी अर्धवट भरलेल्या बाटल्यांवर फुंकर घातली होती. स्टेजवर तसा ग्लास वाजताना ज्या मुलाने पाहिला, ते घरी गेल्यावर स्वयंपाकघरात काय उद्योग करेल हे सांगायला नको. आयांनी तयारीत राहावं.

ही विद्या बघून-ऐकूनच पुढे गेली आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलं लहानपणी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली, मोठी होऊन मुंबईच्या स्टुडिओंत आली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. त्यांतल्याच अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात देशी-पाश्चात्त्य संगीताचा मोठा वाद्यवृंद उभा केला; गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. प्यारेलाल त्यांचेच शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’तल्या अँथनीला ते नाव उगाच मिळालेलं नाही. लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल भेटले तेही मंगेशकरांच्या ‘सुरील कला केंद्र’ या मुलांच्या संस्थेत. आणि मराठी माणसाला नुसतं वाद्य ऐकायला आवडत नाही, हे कृपया सांगू नका. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ याच महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं.

मग अडलं कुठे? आधी ऑक्टोपॅडने तीन वादकांची जागा घेतली, मग कीबोर्डने अख्खा व्हायोलिनचा ताफा घरी बसवला, आता लॅपटॉपने कीबोर्डवालाही उठवला. सात-आठ वादक म्हणजे त्यांचं मानधन, तालीम, टेम्पो, साउंडवाल्याची डोकेदुखी; आयोजकाचं गणित मला समजतं. त्यात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे, सवलतीचे मोजके दिवस सोडले, तर उघड्यावरचा कार्यक्रम रात्री दहाला बंद करावा लागतो. नियम योग्यच आहे. पण साडेसहाला पडदा उघडला तर साडेनऊला मुलं घरी जाऊन झोपतील, शिवाय शेजारचे आजोबाही. भिंतीएवढे स्पीकर लावून छातीत धडकी भरवायला मंडळांकडे पैसे असतात. त्यातलाच थोडा वाटा ढोलकीवाल्याकडे वळवा, एवढंच मागणं आहे. दहा दिवसांतली एक संध्याकाळ.

शाळांनीही स्नेहसंमेलनात निदान एका नाचाला पेनड्राइव्हऐवजी पेटी आणि ढोलकी बसवून बघावी. नाट्यगृहांनी रविवारी सकाळचा एखादा प्रयोग मुलांसाठी कमी दरात ठेवावा. आणि आयोजकांनो, जाहिरातीत गायकांचे फोटो छापता तसे वादकांची नावंही छापा. आज ती निवेदकाच्या तोंडून शेवटच्या गाण्याआधी घाईघाईत येतात, तेव्हा लोक चपला शोधत असतात.

उरले आपण. तिकीट काढताना खिडकीवर विचारा, “वादक किती आहेत? ट्रॅक तर नाही ना?” दहा जणांनी विचारलं की आयोजकाच्या कानावर जातंच. पोरांना घेऊन जाताना स्पीकरच्या समोरची खुर्ची टाळा आणि तालवाद्यं ज्या बाजूला असतील तिकडे बसा. पाचेक वर्षांचं मूल असेल तर मध्यंतरापर्यंतच थांबा, बटाटावडा खा आणि घरी या. अर्धा कार्यक्रमही पुरे. मोठ्या मुलांना कार्यक्रम संपल्यावर स्टेजपाशी न्या. वाद्यं आवरणारा वादक एखाद्या मुलाने “हे काय आहे?” विचारलं तर सहसा हाकलत नाही, उलट हातात देतो. आणि आवडलेल्या गाण्याला गायकाइतकीच बासरीवाल्यालाही दाद द्या, ‘वन्स मोअर’ ओरडून द्या.

शनिवार-रविवारच्या पेपरात नाट्यगृहांच्या जाहिरातींचं पान असतं. या आठवड्यात ते उघडा, वादकांचा कार्यक्रम शोधा आणि घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढा. आजीचंही काढा.